माहितीपटांतून परदेश कसा पाहावा? पुण्यातल्या नवख्या प्रेक्षकांसाठी

तीस वर्षं मी पुण्यातल्या शाळेत भूगोल शिकवला. मंगोलियाचा धडा आला की फळ्यावर गोल तंबू काढायचा, खाली ‘युर्ट’ लिहायचं, ‘भटके पशुपालक’ या शब्दांखाली रेघ मारायला सांगायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. निवृत्तीनंतर एका संध्याकाळी ‘द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल’ (२००३) पाहिला. गोबी वाळवंटातलं एक कुटुंब आहे. त्यांची सांडणी अवघड वेतानंतर आपल्या पांढऱ्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही, लाथ मारते. शेवटी दूरच्या गावातून एक वादक बोलावतात. तो आपलं दोन तारांचं वाद्य आधी सांडणीच्या मदारीला अडकवतो, मग वाजवतो. घरातली तरुण बाई सांडणीच्या अंगावरून हात फिरवत गात राहते. बऱ्याच वेळाने सांडणीच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तिला पान्हा फुटतो. माझ्या आजोळी आजी म्हैस पान्हवायची तेव्हा तिच्या पाठीवर असाच हात फिरवत काहीतरी पुटपुटायची. तीस वर्षं शिकवलेला मंगोलिया मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. शिवाय कळलं की ते लोक आपल्या घराला ‘गेर’ म्हणतात. ‘युर्ट’ हा शब्द तुर्की भाषांतून रशियनमार्गे जगभर पोचला, तो त्यांचा नव्हेच.

तेव्हापासून मी नेमाने माहितीपट पाहते आहे. ज्यांनी अजून फारसे पाहिलेले नाहीत, पण पाहायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून सुचलेल्या या पायऱ्या.

पायरी १: माहितीची अपेक्षा बाजूला ठेवा

‘माहितीपट’ या शब्दानेच अर्धे लोक पळतात. माझ्या पिढीला थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाणारे फिल्म्स डिव्हिजनचे पट आठवतात. धरण, लसीकरण, कुठलं तरी उद्घाटन. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि तिने काही फार सुंदर कामही करून ठेवलं आहे, पण तेव्हा आपण त्या दहा-पंधरा मिनिटांत जागा शोधत होतो आणि शेंगदाणे आणत होतो. त्यामुळे मनात बसलं की माहितीपट म्हणजे भारदस्त आवाजात सांगितलेली आकडेवारी.

‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द रूढ केला तो जॉन ग्रिअरसन या स्कॉटिश माणसाने, १९२६ साली. त्याची व्याख्या अशी की वास्तवाची सर्जनशील मांडणी म्हणजे डॉक्युमेंटरी. आकडे हवे असतील तर ॲटलास आणि विश्वकोश आहेतच. माहितीपटातून मिळतं ते वेगळंच: माणूस कसा बसतो, भाकरी कशी मोडतो, मुलावर कसा रागावतो, पाहुणा आल्यावर आधी काय पुढे करतो.

पायरी २: पहिला पट साधा निवडा

सुरुवातीलाच युद्ध, नरसंहार, दुष्काळ यांच्याकडे जाऊ नका. ही चूक मी केली आहे. नववीच्या वर्गाला मी एकदा युद्धावरचा एक पट दाखवला, काहीही पूर्वतयारी न करता. एक मुलगी रडत बाहेर गेली आणि बाकीच्यांच्या डोक्यात त्या देशाबद्दल एवढंच राहिलं की तिथे बॉम्ब पडतात. तिथे शाळा असतात, लग्नं होतात, लोणची घालतात, हे त्यांना आधी दिसायला हवं होतं. मग त्या बॉम्बने काय मोडलं ते कळलं असतं.

घरातल्या सगळ्यांबरोबर पाहायचा असेल तर ‘बेबीज’ (२०१०) घ्या. नामिबिया, मंगोलिया, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या चार बाळांचं जन्मापासून पहिलं पाऊल टाकेपर्यंतचं आयुष्य, सव्वा-दीड तासात. निवेदक नाही, संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही तो पूर्ण कळतो. किंबहुना आजीलाच जास्त कळतो. माझी आई नामिबियातली आई पाहून म्हणाली, “हिला बाळ कसं धरायचं ते कुणी शिकवायला नको.”

स्वयंपाकाची आवड असेल तर ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ (२०११). टोकियोतल्या भुयारी रेल्वे स्थानकातलं दहा खुर्च्यांचं दुकान आणि पंच्याऐंशी वर्षांचे मालक. तिथे उमेदवारी करणारा मुलगा वर्षानुवर्षं भात, मासे, अंड्याची वडी यांतच घालवतो. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून गाणं शिकलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील, तर हा पट फार जवळचा वाटेल.

माझा सगळ्यात लाडका मात्र ‘एत्र ए आव्वार’ (२००२). ज्यांनी शाळेत फ्रेंच घेतलं होतं त्यांना नाव वाचूनच हसू येईल, कारण ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ ही तिथली पहिली पाठ करायची क्रियापदं. फ्रान्सच्या ओव्हेर्न या डोंगराळ भागातली एकशिक्षकी शाळा. चार वर्षांच्या मुलापासून दहा-अकरा वर्षांच्यांपर्यंत सगळे एका वर्गात. सुरुवात होते ती हिमवादळात हाकली जाणारी गुरं आणि रिकाम्या वर्गात फरशीवर चालणारी कासवं यांनी. इतक्या शांतपणे एखादी शाळा दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मुळशी-वेल्ह्याकडच्या वाड्यांवर नोकरी केलेल्या कुठल्याही गुरुजींना तो दाखवा.

पायरी ३: कुठे पाहायचं ते ठरवा

घरी पाहायचं तर यूट्यूबवर काही वाहिन्या फुकट आणि चांगल्या आहेत: जर्मनीची ‘डीडब्ल्यू डॉक्युमेंटरी’, जपानची ‘एनएचके वर्ल्ड’, कतारची ‘अल जझीरा’. कॅनडाच्या ‘नॅशनल फिल्म बोर्ड’च्या संकेतस्थळावर शेकडो पट मोफत आहेत. हे बोर्ड १९३९ साली उभं राहिलं आणि त्याचे पहिले प्रमुख तेच ग्रिअरसन. पैसे भरून पाहायचं असेल तर मूबी, नेटफ्लिक्स, डॉक्युबे आहेत. वर सांगितलेले पट कुठल्या महिन्यात कुठे असतील ते बदलत राहतं, म्हणून नाव टाकून शोधा आणि मगच वर्गणी भरा.

भाषेची अडचण वाटत असेल तर संगणकावर यूट्यूबच्या चाकाच्या चिन्हावर टिचकी मारा, सबटायटल्समध्ये जा, ‘ऑटो ट्रान्सलेट’ निवडा. त्या यादीत मराठी आहे. भाषांतर ओबडधोबड असतं, कधी कधी चक्क चुकीचं, पण संभाषण कशाबद्दल चाललंय एवढा धागा हाती लागतो. इंग्रजीत डब केलेला आणि मूळ भाषेत सबटायटल्ससह असे दोन्ही पर्याय असतील तर नेहमी दुसरा घ्या. माणसाचा खरा आवाज ऐकणं हा त्या देशाचाच भाग आहे. पहिली वीस मिनिटं खालच्या ओळी वाचताना चेहरे सुटतात, नंतर डोळ्यांना सवय होते.

पुण्यात राहून फक्त घरी पाहणं मात्र करू नका. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. पी. के. नायर यांनी ते डबा डबा गोळा करून उभं केलं. जवळच प्रभात स्टुडिओच्या जागेवर एफटीआयआय ही चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था, १९६० पासून. एवढं जगाचं सिनेमाचं भांडार चालत जाण्याच्या अंतरावर असलेली शहरं देशात थोडी आहेत. संग्रहालयात होणारे खेळ, ‘आशय’सारख्या फिल्म क्लबचं सभासदत्व, जानेवारीच्या सुमारास होणारा ‘पिफ’ म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज इथले कार्यक्रम यांच्यावर लक्ष ठेवा. मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. २०२४ साली त्यातले काही खेळ पुण्यातही दाखवले गेले. पहिल्यांदा जाणार असाल तर अर्धा तास आधी जा आणि एकटे आला असाल तर शेजारच्याशी बोला. तिथे येणारी माणसं बोलायला उत्सुक असतात.

पायरी ४: ॲटलास उघडून बसा

पट सुरू करण्याआधी पाच मिनिटं नकाशा पाहा. भूगोलाच्या बाईंची सवय म्हणा हवं तर, पण याने फरक पडतो. शेजारचे देश कोणते, समुद्र किती लांब, डोंगर कुठल्या बाजूला.

एकच उदाहरण देते. चिलीतलं आटाकामा हे जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटांपैकी एक. एका बाजूने पेरूचा शीत प्रवाह किनारा थंड ठेवतो, दुसऱ्या बाजूने अँडीज पर्वत पूर्वेकडची बाष्पाची हवा अडवतो. पर्जन्यछाया म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. सह्याद्रीच्या पलीकडे ताम्हिणीत धो धो कोसळतो तेव्हा इकडे दौंड-बारामतीला लोक आभाळाकडे डोळे लावून असतात. आटाकामात हीच गोष्ट टोकाला गेली आहे. हवेत बाष्प नाही म्हणून आकाश निखळ, म्हणून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या दुर्बिणी तिथे.

आता चिलीचे दिग्दर्शक पात्रिसियो गुझमान यांचा ‘नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट’ (२०१०) पाहा. त्याच वाळवंटात, दुर्बिणींच्या खाली, कालामा गावातल्या बायका हातात छोटी फावडी घेऊन वर्षानुवर्षं वाळू उकरत आहेत. १९७३ च्या लष्करी उठावानंतर हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीने नाहीसे केलेले नवरे, भाऊ, मुलगे त्या शोधताहेत. जो कोरडेपणा ताऱ्यांचा प्रकाश स्वच्छ पोचू देतो, तोच हाडं कुजू देत नाही. शीत प्रवाह आणि पर्जन्यछाया मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतली. त्या दोन ओळींचा एखाद्या बाईच्या आयुष्याशी असा संबंध असेल हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

पाहताना जवळ वही ठेवा. फार लिहू नका. मी प्रत्येक पटानंतर तीनच गोष्टी लिहिते: माणसांचे हात काय काम करत होते, त्यांच्या भाषेतला कोणता शब्द कळला, आणि काय दाखवलंच नाही.

पायरी ५: कॅमेरा कुणाच्या हातात आहे ते विचारा

या पायरीवर घाई नको.

पूर्ण लांबीचा पहिला मोठा माहितीपट म्हणून ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) याचं नाव घेतलं जातं. रॉबर्ट फ्लाहर्टीने कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांत राहून तो केला. आधी घेतलेलं सगळं चित्रण त्याच्याच सिगारेटच्या ठिणगीने जळालं, म्हणून तो पुन्हा गेला. आजही तो पाहताना थंडी वाजते. पण नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, अलाकारियालाक होतं. पटातली बायको त्याची बायको नव्हती. ती माणसं तोवर बंदुकीने शिकार करू लागली होती, पण दिग्दर्शकाला भाल्याची शिकार हवी होती. इग्लूच्या आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना म्हणून इग्लू अर्धाच बांधला आणि त्या उघड्या भागात, बोचऱ्या थंडीत, त्यांनी झोपून उठल्याचं दाखवलं. पैसा दिला होता केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने. मग हा पट खोटा का? मला तसं वाटत नाही. त्या माणसांचं कसब खरं आहे, हसू खरं आहे. फक्त तो १९२० चा इन्युइट नसून फ्लाहर्टीला हवासा वाटलेला इन्युइट आहे, एवढं लक्षात ठेवून पाहायचं.

आता आपण कॅमेऱ्यासमोर होतो ती वेळ आठवा. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६८ साली भारतात फिरून सात भागांची मालिका केली, ती ‘फँटम इंडिया’ या नावाने ओळखली जाते. बीबीसीने ती दाखवली तेव्हा भारत सरकार इतकं संतापलं की १९७० मध्ये बीबीसीला दिल्लीचं कार्यालय काही काळ बंद करावं लागलं. दारिद्र्यच दाखवलं, असा आक्षेप होता. मी ती पाहिली तेव्हा मलाही काही ठिकाणी राग आला आणि काही ठिकाणी मान खाली गेली. दुसऱ्या देशावरचा पट पाहताना हा राग आठवावा. तिथल्या माणसाला पाहून काय वाटेल?

यासाठी माझी एक मोजपट्टी आहे, वारीची. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. समजा एखाद्या परदेशी माणसाने वारीवर पन्नास मिनिटांचा पट केला. तो काय टिपेल? रिंगण, तुळस डोक्यावर घेतलेली बाई, भिजलेले चेहरे. काय सुटेल? पायाला तेल चोळणारा पेठेतला मुलगा, पिठलं-भाकरीची पंगत, दिंडीतला हिशेब ठेवणारा माणूस, पाण्याच्या टँकरवरची भांडणं, ‘माउली’ म्हणून एकमेकांना केलेली हाक. अभंगाचा अर्थ तर बहुतेक सुटेलच. जपानच्या, इराणच्या, पेरूच्या कुठल्याही उत्सवाचा पट पाहिला की मी स्वतःला विचारते, यातलं पिठलं-भाकरीचं काय सुटलं असेल?

निवेदकाचा आवाज फार भारून टाकत असेल तर दोन मिनिटं आवाज बंद करून नुसतं चित्र पाहा. आफ्रिका आली की ढोल आणि अरबस्तान आला की करुण बासरी, ही संगीताची करामत लगेच उघडी पडते. शेवटच्या श्रेयनामावलीत पैसे कुणी दिले ते वाचा. डीडब्ल्यूला जर्मन सरकारकडून पैसा मिळतो, अल जझीराला कतारकडून. म्हणून ते पाहू नयेत असं अजिबात नाही. पण कतारबद्दल जाणून घ्यायचं असेल तर आणखी कुणाचं तरी पाहावं.

पायरी ६: एका देशाचे किमान दोन पट पाहा, त्यातला एक तिथल्या माणसाचा

पंधरा देशांचे पंधरा पट पाहण्यापेक्षा एका देशाचे तीन पाहिलेले बरे. फ्रान्सची शाळा पाहिली ना? आता आन्येस वार्दा या फ्रेंच दिग्दर्शिकेचा ‘द ग्लीनर्स अँड आय’ (२०००) पाहा. सुगी झाल्यावर शेतात उरलेलं वेचायला येणाऱ्या माणसांवर तो आहे. इंग्रजीतला ‘ग्लीनिंग’ शब्द समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. आपल्याकडे सरवा वेचणं आहेच. फ्रान्समध्ये या सरव्याला कायद्याचा जुना आधार आहे, सोळाव्या शतकापासूनचा. वार्दा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन हिंडते. आकार बरोबर नाही म्हणून टाकून दिलेल्या बटाट्यांच्या ढिगात तिला हृदयाच्या, म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या, आकाराचे बटाटे सापडतात, ते ती घरी घेऊन येते. मध्येच आपल्याच सुरकुतलेल्या हातावर कॅमेरा धरते. पॅरिस म्हणजे आयफेल टॉवर एवढंच ज्यांच्या मनात आहे त्यांना बाजार उठल्यावर भाजी वेचणारा माणूस दिसतो आणि मंडईतली संध्याकाळ आठवते.

इराणसाठी फरुग फरोखजाद या कवयित्रीचा ‘द हाउस इज ब्लॅक’. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा, तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरचा. आनंदवन माहीत असलेल्या मराठी माणसाने तो पाहायलाच हवा. तिथली मुलं चेंडू खेळताना हसतात ते दृश्य मी कितीदा तरी मागे जाऊन पाहिलं आहे.

चीनसाठी ‘लास्ट ट्रेन होम’ (२००९). नववर्षाला गावी जाणारे तेरा कोटी कामगार आणि त्यातलं एक जोडपं, ज्यांनी मुलांना आजीकडे ठेवून कारखान्यात उमर घालवली. ग्वांगझूच्या स्थानकावर अडकलेली गर्दी पाहताना मला गणपतीला कोकणात निघालेले चाकरमानी आठवले. पण आपल्या गर्दीत एक उत्साह असतो. त्या पटात मुलगी शेवटी आईबापांना जे बोलते, ते ऐकवत नाही.

आणि जमलं तर माणूस गाठा. पुण्यात इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचे विद्यार्थी शिकतात. ओळख झालीच तर आधी चहा पाजा, घरी जेवायला बोलवा, पटाचा विषय सावकाश काढा. “तुमच्याकडे खरंच असं असतं का?” असं एकदम विचारलं तर समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखं होतं.

पायरी ७: चार जणांना बोलवा

सोसायटीच्या हॉलमध्ये पट दाखवायचा असेल तर आधी परवानगीचं पाहा. तुमची ओटीटीची वर्गणी घरच्यांपुरती असते, सार्वजनिक खेळासाठी नाही. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक कार्यक्रमासाठी मुभा देतं, त्या पटाच्या माहितीत तसं लिहिलेलं असतं. बाकीच्यांसाठी निर्मात्याला सरळ ईमेल करा. माहितीपट करणारी माणसं आपला पट दाखवला जावा म्हणून धडपडत असतात. काहीच जमलं नाही तर घरच्या दिवाणखान्यात सहा-सात जण, हे सगळ्यात उत्तम. वेळ रविवारी संध्याकाळी पाच. दीड तासापेक्षा मोठा पट नको. चहा नंतर, आधी नाही.

संपल्यावर “कसा वाटला?” असं विचारू नका. सगळे “छान” म्हणतात आणि चप्पल शोधू लागतात. “काय दिसलं?” असं विचारा. आमच्याकडे ‘एत्र ए आव्वार’ झाला तेव्हा मी हेच विचारलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “त्या मास्तरांनी पोराला ओरडताना आवाज चढवला नाही, ते दिसलं.” मग ते वेल्ह्याकडच्या आपल्या पहिल्या शाळेबद्दल बोलायला लागले, चार इयत्ता एका खोलीत, पावसाळ्यात ओढा भरला की तीन दिवस मुलं नाहीत. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही वार्दाचा पट ठरवला आहे. गुरुजी आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन येणार आहेत, तिने लहानपणी भुईमुगाचा सरवा वेचला आहे.